आखूड बाह्या

दुकान मुलाच्या हाती सोपवल्यावर टेलरकाकांनी आपली जीवनकहाणी लिहायला घेतली. लिहिणं कसलं, चिकटवणंच ते. जन्मभर कपडे शिवले, तेव्हा फोटोंऐवजी प्रत्येक पानावर कापडाचा एकेक तुकडा आणि खाली दोन ओळी. उस्तादांनी पहिल्यांदा कातरायला दिलेलं मांजरपाट, मग कॉलर उलटी लागलेल्या पहिल्या शर्टाची कड. शेजारी बसून काकू तुकड्यांना डिंक लावून देत होत्या.

पुढच्या पानासाठी काकांनी मोरपंखी रंगाचा चांगला वीतभर तुकडा काढला आणि काकूंचा हात थांबला.

"हे माझ्या ब्लाऊजचं कापड. आपल्या लग्नाच्या आधीचं."

काका चष्मा पुसू लागले.

"बाह्या आखूड करून ठेवल्या होत्यात. वर कापड कमी पडलं म्हणालात. किती वेळा भांडायला आले होते मी दुकानात."

"म्हणून तर," काका हळूच म्हणाले, "ब्लाऊज नीट बसला असता, तर तू पुन्हा कशाला फिरकली असतीस?"

काकूंनी तुकड्याला डिंक लावला, पानावर ठेवला आणि तळव्याने नीट दाबला.

"पाव मीटर जास्तच दिलं होतं मी. कमी पडणं शक्यच नाही, हे मला तेव्हाच ठाऊक होतं."

"मग तेव्हाच तोंडावर का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर भांडण पहिल्याच दिवशी मिटलं असतं."