नेमणुकीचं ठिकाण

"काटेवाडीत कोणत्या लॅबमध्ये आहेस तू?" माधवीबाईंनी कागदावरून मान वर करून विचारलं.

त्या पुण्याहून आल्या होत्या. लॅब टेक्निशियनचा हा कोर्स इंदापुरात पुढे चालू ठेवायचा की बंद करायचा, ते त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. समोर पहिल्या तुकडीची यादी होती. चोवीस मुली, आणि चोवीसच्या चोवीस मार्गी लागलेल्या! नेमणुकीच्या ठिकाणाचा रकाना कसा भरगच्च: काटेवाडी, लोणी देवकर, भिगवण. प्राचार्य खुशीत होते. फाटकावरच्या फलकावर त्यांनी हाच आकडा रंगवून घेतला होता.

"लॅब न्हाय, बाई," यादीतली सुकन्या म्हणाली. "काटेवाडीला माझं सासर हाय."

प्राचार्यांनी क्लार्ककडे पाहिलं. सावळारामची पाचावर धारण बसली.

"सर, मी घरोघर हिंडलो. पोरगी मार्गी लागली का म्हणून इचारलं, सगळी व्हय म्हणाली. कुठं म्हणलं, तर गावाचं नाव सांगितलं. त्येच लिवलं."

"मीच सांगितलं की," मागच्या बाकावरून सुकन्याचे वडील जोतीराम बोलले. धाकट्या छकुलीच्या प्रवेशाचा अर्ज त्यांच्या मांडीवर होता. "लगीन झालं म्हंजे मार्गीच लागली पोरगी. त्यात खोटं काय?"

खोटं काहीच नव्हतं, आणि सुकन्याच्या अंगाचा तिळपापड झाला तो त्यामुळेच. तिच्या फीपायी आबांनी होती नव्हती ती मेंढरं विकली. दोन वर्षांत सूक्ष्मदर्शक कपाटाबाहेर निघाला तो दोनदा, दसऱ्याला, हळदकुंकू लावून घ्यायला. पुढे बारामतीच्या एका दवाखान्यात ती नोकरी मागायला गेली, तेव्हा डॉक्टरांनी तिला काचेवर रक्ताचा थेंब पसरून दाखवायला सांगितलं. तिला येईना. शिकवलं होतं कुणी?

"किरकोळ चूक आहे हो," प्राचार्य हसत म्हणाले. "रकान्याचं नाव बदलून टाकू."

"नगा बदलू!" सुकन्याचा आवाज चढला. "नेमणूकच ऱ्हाऊ द्या. हुद्दा लिवा, सून. पगार लिवा, दोन टायमाची भाकर. सुट्टी न्हाय, त्येबी लिवा."

माधवीबाई खरंच लिहू लागल्या. प्राचार्यांचं हसू मावळलं.

सुकन्या वडिलांपाशी गेली. "आबा, द्या हिकडं." तिने अर्ज ओढूनच घेतला. छकुलीने एकेक अक्षर कोरून काढलं होतं. 'पुढे काय व्हायचे आहे' या प्रश्नापुढे 'टेक्निशियन' लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

सुकन्याने तो अर्ज सावळारामच्या टेबलावर आपटला.

"ह्यो घ्या. हिचं ठिकाण आत्ताच लिवून टाका, नरसिंहपूर. कालच तिथलं पावणं हिला बघून गेल्यात."