गुरामीची सोय

मासेवाल्याने कोपरापर्यंत हात माशांच्या टाकीत घातला, तेव्हा हॉलमध्ये तीन माणसं श्वास रोखून बसली होती.

बरणी तिच्या वडिलांच्या मांडीवर होती आणि बरणीत निळा गुरामी मासा. वडिलांची बॅग अजून दाराशीच उभी होती. ती आत न्यायची की पुन्हा खाली टॅक्सीत, हे आता मासेवाला ठरवणार होता. अट सासूबाईंची होती. "त्यांचा मासा माझ्या माशाबरोबर नांदला, तर त्यांनीही खुशाल राहावं." त्यावर वडिलांची उपअट, "गुरामी नाही, तर मीही नाही." दुसरी टाकी ठेवावी, तर नेमक्या तेवढ्याच जागेत वडिलांचा पलंग येणार होता.

ती एकाची मुलगी आणि एकीची सून, त्यामुळे तिचं मत कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्याला आजच ऑफिसात महत्त्वाचं काम निघालं होतं. त्याची अशी कामं अगदी वेळेवर निघतात.

गेल्या महिन्यात वडील दोनदा दुधाखाली गॅस चालू ठेवून फिरायला गेले होते. दुसऱ्या वेळी शेजाऱ्यांना कुलूप तोडावं लागलं. वडिलांना वाईट वाटलं ते कुलपाचं. आज ते त्या घरी परत गेले, तर तिला रात्रीची झोप विसरावी लागणार होती. तशी ती आत्ताही फारशी आठवत नव्हतीच.

"जमेल ना हो?" तिने विचारलं.

"लिहून देत नाही," मासेवाला म्हणाला. "बारके गप्पी असते तर डोळे झाकून सोडले असते. हे दोघं अंगाने मोठे, दोघांनाही स्वतःचा कोपरा लागतो. हा टाकीतला एंजल मासा किती वर्षं एकटा आहे?"

"चार," सासूबाई म्हणाल्या. "जोडीचा गेला तेव्हापासून."

"आणि तो?"

"तीन," वडील म्हणाले.

"म्हणजे दोघंही बिघडलेत. एकटं राहून बिघडतात. सगळी टाकी आपल्या बापाची वाटायला लागते."

"टाकी माझीच आहे."

"तुम्हाला नाही हो आजी, माशाला म्हटलं."

त्याने टाकीतले दगड, झाडं, प्लास्टिकचा किल्ला, सगळं उचकटून खाली कागदावर काढलं. कामावरून घरी यावं आणि बिल्डिंगच जागेवर नसावी, तसा एंजल मधोमध थांबून राहिला. "आता हे सगळं वेगळ्या जागी लावायचं," मासेवाला म्हणाला. "जुन्याला आपला कोपरा सापडला नाही, की तोही नवाच. मग भांडेल कशावरून?"

"किल्ला डावीकडेच ठेवा. त्याला तशी सवय आहे."

"सवयच तर मोडायचीय, आजी."

किल्ला उजवीकडे गेला. रिकाम्या डाव्या बाजूकडे सासूबाई, घरातलं कुणी गेल्यासारखं बघत राहिल्या.

मासेवाल्याने गुरामीला बरणीतून पाण्यासकट पिशवीत घेतलं आणि तोंड बांधून पिशवी टाकीत तरंगत ठेवली. "पंधरा मिनिटं. लाइट बंद. आणि समोर कुणी बसायचं नाही."

सासूबाईंची खुर्ची टाकीच्या बरोब्बर समोर होती. त्या हलल्या नाहीत. "मी रोज इथेच बसते."

"मग मी कुठे बसू?" वडिलांनी विचारलं. सोफ्यावरून त्यांना मासा दिसत नव्हता.

"तुम्ही बसायचं अजून ठरलेलं नाही."

ती उठली. सकाळी पाचपासून उभीच होती. आत्ता कुठे पाच मिनिटं टेकली होती. तिने आधी वडिलांना उठवलं, मग सोफ्याचा हात धरला आणि ओढला. सोफा खिडकीखालून निघाला आणि समोरच्या भिंतीला जाऊन लागला. टीव्हीचं टेबल सोफ्याच्या जागी गेलं. मग ती सासूबाईंना म्हणाली, "उठा जरा." लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच म्हटलं जात होतं. सासूबाई आश्चर्यानेच उठल्या. त्यांची खुर्ची दाराशी गेली. जेवायचं टेबल हॉलच्या मधोमध आलं. कपाट हललं नाही. त्याला तिने माफ केलं.

"ताई," मासेवाला म्हणाला, "मी टाकीचं म्हणालो होतो."

"कळलं मला. पलीकडून धरा."

पंधरा मिनिटांनी त्याने पिशवीचं तोंड सोडलं, तेव्हा बघायला कुणीच नव्हतं. वडिलांचा गुडघा टेबलावर आपटला होता आणि सासूबाई भिंतीवर पंख्याचं बटण शोधत होत्या. ती कपाटाला टेकून जमिनीवरच बसली.

"बटण कुठे गेलं?"

"सोफ्यामागे," वडील म्हणाले. "हात पोचत नाही, विहीणबाई. मी आत्ताच बघितलं."

"ही लहानपणापासून अशीच का हो?"

"परीक्षेच्या आदल्या दिवशी आमचा पलंग स्वयंपाकघरात नेऊन ठेवला होता हिने. तिथेच झोपलो आम्ही दोघं आठवडाभर. बोलायची हिंमत कुणाची?"

"मग हे लग्नाआधी सांगायला काय झालं होतं?"

"विचारलंत कुठे तुम्ही?"

"विचारायचं काय? पलंग उचलते का म्हणून?"

"ताई," मासेवाला टाकीजवळून दबक्या आवाजात म्हणाला, "इकडे बघा जरा."

तिने डोळे मिटले होते. हॉलमध्ये कुठेतरी दोन खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. एकमेकींच्या जवळ की लांब, हे तिने डोळे उघडून पाहिलं नाही.