सगळ्यात बाहेरचं शून्य

शून्य आलं कुठून, ते चिहारूला काही केल्या सापडत नव्हतं.

बोट तासभर शिचिरुइच्या बंदरात अडकून होती. बोट कंपनीच्या ऑफिसात चिहारूसमोरच्या पडद्यावर ओकी बेटावरच्या नव्या धक्क्यासाठी लाटेची मर्यादा दिसत होती: शून्य मीटर. म्हणजे जराशीही लाट असली तरी बोट सुटायची नाही. फोनवर कप्तान फुकुमा तापले होते.

"अगं पोरी, समुद्र नुसता लोळत पडलाय. शून्य लाट तर माझ्या अंघोळीच्या टबातही नसते."

चूक तिचीच होती. काल नवा धक्का प्रोग्राममध्ये जोडताना ती त्याची मर्यादा लिहायलाच विसरली होती. पण मग शून्य कुणी लिहिलं? अख्ख्या प्रोग्राममध्ये शून्याची ओळ एकच होती, सगळ्या विभागांच्या बाहेर, एकटीच पडलेली. तिचा वापर कुठेच दिसत नव्हता. गेल्या आठवड्यात चिहारूने ती अडगळ म्हणून काढायला सुचवली होती. तिच्या वरिष्ठ इतोहारासाननी अजून होकार दिला नव्हता, एवढंच.

"वापर दिसणार कसा?" शेजारच्या खुर्चीतून इतोहारासान म्हणाल्या. "कप्तान धक्क्याचं नाव टाकतो, तेव्हा कुठे आपली रूबी, म्हणजे ही प्रोग्रामची भाषा, शोधायला निघते. आधी हिवाळ्याच्या विभागात शिरते, मग धक्क्याच्या, मग तिथली मर्यादा बघते. आत नाही मिळाली, की थेट सगळ्यात बाहेर येऊन त्या एकट्या ओळीला विचारते."

चिहारूने नव्या धक्क्यावर फोन लावला.

"दीड मीटर उसळतंय," तिथला माणूस म्हणाला. "बरं झालं बोट आली नाही. दोर धरायला उभं राहता येत नाहीये."

लाट एका मीटरच्या वर गेली तर त्या धक्क्याला बोट लावायची नाही, असा कागद कालपासून तिच्याच टेबलावर होता. बोटीत एकोणसत्तर माणसं बसली होती.

"नशीबच म्हणायचं," ती पुटपुटली.

इतोहारासाननी त्या ओळीचा इतिहास उघडला. लिहिणारे कुवातानीसान, एकवीस वर्षांपूर्वी. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. चिहारू तेव्हा बालवाडीत होती, आणि तो धक्का तर नकाशातही नव्हता. ओळीसोबत त्यांनी एक टीप ठेवली होती. ती वाचताना पडद्यासमोर चिहारूची मान आपोआप लवली.

"नवा धक्का जोडताना मर्यादा लिहायला विसरलेल्या सहकाऱ्यास: घाबरू नका, सावकाश लिहा. बोट मी थांबवून ठेवली आहे."