तिसरे कार्ड

दवाखाना दरवर्षी रुग्णांना विचारपूस करणारे जोडकार्ड पाठवी; त्याचे उत्तर पाचव्या वर्षीही कुरुंदवाडहून आले: "तब्येत बरी आहे. बसवराज." डॉ. क्रांती यांनी ते तक्त्याशेजारी ठेवले आणि त्याच्या गाठीची काच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. पी-त्रेपन्न या प्रथिनाचा तपकिरी रंग जवळजवळ प्रत्येक पेशीत उतरला होता. तोंडाच्या कर्करोगाच्या त्यांच्या अभ्यासात इतका गडद रंग नऊ जणांचा होता. सात जण तीन वर्षांच्या आत गेले. उरले दोघे, बसवराज आणि पन्हाळ्याकडचे हंबीरराव.

हंबीरराव उरले ते या कार्डांमुळे. तिसरे वर्ष संपताना त्यांच्या मानेत गाठ उठली. अहवालातला रंग पाहून शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रियेला नकार दिला. तेव्हा डॉ. क्रांतींनी नुकतेच आलेले बसवराजचे तिसरे कार्ड शल्यचिकित्सकांपुढे ठेवले होते. रंग हाच, तरी माणूस बरा आहे. रंगावरून निकाल देऊ नका. शस्त्रक्रिया झाली, गाठ निघाली.

शोधनिबंध पाठवण्यापूर्वी अपवाद प्रत्यक्ष पाहावा, म्हणून २००१च्या मार्चमध्ये त्या कुरुंदवाडला गेल्या. बसवराजची पत्नी महादेवी हिने चहा पुढे ठेवला आणि सांगितले, की मालकांना जाऊन अडीच वर्षे झाली. तिला लिहिता येत नव्हते. त्यानंतर दवाखान्याचे कार्ड आले, की हंबीरराव एसटीने येत, तिथेच बसून उत्तर लिहीत आणि जाताना पेटीत टाकत. उपचारांच्या वेळी दोघांच्या खाटा शेजारी होत्या. मातीलाही ते आले होते.

मंगळवारी हंबीरराव तपासणीला आले. पहिल्या उपचारात अर्धा जबडा काढल्यामुळे त्यांचे शब्द जड निघत. डॉ. क्रांतींनी शेवटची तीन कार्डे टेबलावर मांडली. अभ्यासाची पाच वर्षे खोट्या नोंदीवर उभी राहिली, हे त्यांनी आवाज न चढवता सांगितले. मग विचारले, "मेलेल्या माणसाच्या नावाने धीर कोणाला देत होता?"

"तुमास्नी," हंबीरराव म्हणाले. "पयलं कार्ड तुमीच वाचून दावलासा की. दोघांचा रंग एकच म्हणालासा. त्यो गेल्याचं कळलं असतं, तर मला कापायला कुणी हात लावला असता काय, बाई?"