खरवडलेली जागा

मंडईमागच्या दुकानात मी तो जुना कॅमेरा उलटा करून पाहिला. तळाशी जिथे नंबर असतो, तिथला अंगठ्याएवढा भाग कोणीतरी कानशीने खरवडून काढला होता.

"नंबर कुठाय?" मी विचारलं.

"आपण फोटो नंबराने काढता का?" दुकानदार म्हणाले.

स्वस्त होता, घेतला. घरी आल्यावर कळलं की ती जागा चिकट आहे. स्पिरिटने पुसली, तरी ओलीच. आणि मऊ, फोड फुटल्यावर खालची कातडी असते तशी. कॅमेरा हातात घेतला की अंगठा नेमका तिथेच जायचा, आणि सोडवताना चिकटपट्टीसारखा ओढला जायचा.

"शी! गंधार, जेवायच्या टेबलावरून उचल ते," बायको म्हणाली. "कोणाच्या तरी न धुतलेल्या डोक्यासारखा वास मारतंय."

सोमवारी खराडीच्या ऑफिसात हजेरीचं मशीन माझा अंगठा घेईना.

"साहेब, बोट पुसा," वॉचमन म्हणाला.

शर्टाला पुसून पाहिलं. अंगठ्यावर एकही रेघ नव्हती. सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत.

तसाच घरी आलो आणि कॅमेरा उलटा केला. ती जागा आता कोरडी, गुलाबी झाली होती. तिच्यावर बारीक गोल रेघा उमटल्या होत्या. लहानपणी माझ्या अंगठ्याला विळी लागली होती, तिची तिरकी खूणसुद्धा.

माझा मोबाइल माझ्याच अंगठ्याने उघडतो. मी मोबाइल त्या जागेवर टेकवला.

मोबाइल उघडला.