पाळण्याचं काडतूस

तुर्दुबेकच्या आजोबांच्या शिकारी बंदुकीला अंगठ्याएवढी गोळी लागायची. बापाच्या वेळी गोळ्या करंगळीएवढ्या झाल्या, आणि आता नारीनच्या बाजारात मिळतात त्या जवाच्या दाण्याएवढ्या! तुर्दुबेककडे बंदूक मात्र आजोबांचीच. तिच्या मापाची गोळी कुठेच मिळेना, आणि इकडे लांडग्याने सगळा कळप फस्त केला. उरली एकच गाभण मेंढी.

त्या सकाळी लांडग्याने मेंढवाड्याच्या कुंपणावरून आत उडी घेतली. तुर्दुबेक वेड्यासारखा घरात धावला. जुन्या मापाचं शेवटचं काडतूस बायकोने, सायराने, नातवाच्या पाळण्याला बांधलं होतं, बाळाला दृष्ट लागू नये म्हणून. त्याने ते हिसकून तोडलं आणि बंदूक उचलून बाहेर पळाला.

"अरे म्हाताऱ्या, थांब! ते नको नेऊस!" सायरा ओरडत त्याच्या मागे पळाली.

"दृष्ट उद्या काढ गं बाई! ही मेंढी गेली तर हिवाळाभर पोराला काय दगड चारशील?"

लांडगा मेंढीपाशी पोचला होता. तुर्दुबेकने काडतूस भरून नेम धरला, अल्लाचं नाव घेतलं आणि चाप ओढला. नुसतं फुस्स झालं.

सायरा धापा टाकत येऊन पोचली.



"तान्ह्या लेकराच्या उशाशी बंदुकीची दारू कोण ठेवतं रे? मी कधीच ओतून टाकली ती, मीठ भरलंय त्यात!"