हातमोजे

अनसूयाकाकू बाथरूमच्या दारात डगमगल्या, तशी सिस्टर रेश्मा तडवी धावली. तिने हात पुढे केले, पण दवाखान्याने सक्तीचे केलेले यांत्रिक हातमोजे एकदम ताठ झाले आणि तिचे हात जागीच अडकले. सावरताना पेशंटचं हाड मोडलं तर भरपाई दवाखान्यावर येते, पेशंट आपणहून पडला तर येत नाही. मोज्यांनी क्षणात तेवढाच विचार केला होता.

काकू तिच्या डोळ्यांदेखत फरशीवर आपटल्या.

"अगं पोरी, हात का नाही गं दिलास?" त्या कण्हत म्हणाल्या.

रेश्माने दातांनी मोजे ओढून काढले आणि काकूंचं डोकं मांडीवर घेतलं. तेवढ्यात भिंतीतून गोड आवाज आला, "सिस्टर, पेशंट पडल्या यात तुमची काहीच चूक नाही. मोजे काढल्याबद्दल मात्र तुम्हाला कामावरून कमी केलं आहे. पेशंटपासून दूर व्हा."

रेश्मा जागची हलली नाही.